दरवाजा आणि वेसकर

वाडा हीदेखील एक संहिता असते. ती वाचावी लागते, आणि वाचणारा कोणत्या बाजूला उभा आहे यावर तिचा अर्थ ठरतो. आपल्याकडे साहित्याची समीक्षा पुष्कळ झाली, वाड्यांची झाली नाही. प्रस्थापित समीक्षकाला तिची गरज भासली नाही, कारण वाडा त्याला परका नव्हता. आम्हाला ती गरज आहे.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे मूळ गाव इंदापूर तालुक्यातले. घरात पदवी घेतलेला पहिला मीच. मोरोपंत शिकवायचे म्हणून मुलांना कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा दाखवला. त्याची आता डागडुजी झाली आहे. दगड उजळले आहेत. बाबूजी नाईक हे मोठे सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली. १७४० साली बाजीराव वारल्यावर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी पुढे केले ते याच बाबूजींचे नाव. मोरोपंतांना आश्रय याच घराण्याचा. सत्ता, सावकारी आणि कविता एका छपराखाली कशी नांदते, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

मग आम्ही पुण्याला शनिवारवाड्यात गेलो. १० जानेवारी १७३० ला त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळाला. विसाव्या शतकात उत्खनन करून चौथरे मोकळे केले, तट आणि दरवाजे जपले. उत्तरेला दिल्ली दरवाजा. अंबारीसह हत्ती आत यावा एवढा उंच, फळ्यांवर हत्तीला थोपवणारे खिळे, वर नगारखाना. रोजच्या ये-जा करण्यासाठी फळीतच एक लहान दिंडी, तिच्यातून माणसाला वाकूनच आत जावे लागते. मुलांनी दरवाजासमोर फोटो काढले. मीही काढला. छाती थोडी फुगली, हे कबूल करतो. दगडाच्या भव्यतेचा हाच गुण असतो. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी ती रचली त्यालाही ती क्षणभर आपली वाटते.

पुढे नारायण दरवाजा आला. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा गारद्यांनी खून केला, त्याचे प्रेत या वाटेने नेले असे सांगतात. मुले एकमेकांना ‘काका मला वाचवा’ची गोष्ट सांगू लागली. आमावास्येला ती हाक अजून ऐकू येते, असेही एकाने सांगितले. कोणी पुरावा मागितला नाही.

तिथेच मी त्यांना मुक्ता साळवेचा निबंध सांगितला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांगाची मुलगी. वय चौदाच्या आसपास. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मांग-महारांना त्यांच्या जमिनीवरून हुसकून मोठ्या इमारती उठवल्या आणि त्यांना तेल-शेंदूर पाजून त्याच इमारतींच्या पायात पुरले, असे ती लिहिते. तालीमखान्यापुढून गेलेल्याचे मुंडके गुलटेकडीच्या मैदानात चेंडू होत असे, असेही लिहिते.

वर्गातली एक मुलगी, मातंग समाजातलीच, हळूच म्हणाली, “सर, हे खरं आहे का?”

मी गप्प झालो. ‘हो’ म्हणालो असतो तर कोणत्या वाड्याच्या पायात, हे मला दाखवता आले नसते. ‘नाही’ म्हणालो असतो तर मुक्ताला दुसऱ्यांदा पायात गाडले असते. मग तिला एवढेच सांगितले की, पेशवाई १८१८ ला बुडाली. तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस मुक्ताने लिहिले तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. तिने हे पोथीतून घेतलेले नाही. तिच्या वस्तीतली म्हातारी माणसे त्या राज्यात जगलेली होती. ही साक्ष आहे. साक्ष तपासावी, पण तपासण्याआधी ती ऐकावी लागते. आणि पेशव्याच्या हाकेला जो पुरावा आपण मागत नाही, तोच मांगाच्या पोरीच्या लेखाला का मागतो, याचे उत्तर आधी द्यावे लागते.

समीक्षेचा खरा प्रश्न इथे आहे. एका पेशव्याच्या मरणाला दरवाजाचे नाव मिळते. ज्यांनी दगड फोडला, चुना मळला, त्यांचे नाव मी पाहिलेल्या फलकांवर मला आढळले नाही. मोरोपंतांच्या आर्येतले यमक मी मनापासून शिकवतो. त्या कारागिरीला खोटे म्हणणार नाही. पण महाभारत-रामायण त्यांचे विषय होते, कऱ्हाकाठचा महारवाडा नव्हता. मुक्तापाशी यमक नाही, आश्रयदाता नाही. तरी आपण कोण आणि आपल्याला कोणी काय केले, हे ती थेट सांगते. मराठी गद्याच्या इतिहासात तिला तळटीप देणारी अभिरुची आणि दिल्ली दरवाजाचे नुसते खिळे मोजणारी अभिरुची एकच.

आपल्या बाजूचाही दोष सांगतो. पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. आपण व्यासपीठावरून तेवढेच म्हणत राहिलो. त्या माणसाकडे आणखी काय होते, हे आपण विचारले नाही. त्याच्याकडे दरवाजा होता. गावाच्या वेशीवर वेसकर म्हणून महार उभा असे. माझा पणजोबा वेसकर होता. रात्री गाव त्याच्या भरवशावर झोपे आणि सकाळी भाकरीसाठी तो त्याच गावाच्या उंबऱ्याबाहेर उभा राही. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. बाबासाहेब त्यासाठी झगडले होते. पणजोबाला कोणी वास्तुशास्त्र विचारले नाही. पण दरवाजा कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी मिटतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून वाडा पाडा, असे मी म्हणत नाही. जपा, दुरुस्त करा. पण डागडुजी केवळ चुन्याची नसते. दिल्ली दरवाजाच्या आत, बाजीरावाच्या माहितीशेजारी, मुक्ता साळवेचा निबंध पूर्ण लावा. बारामतीच्या वाड्यात मोरोपंतांबरोबर वेसकराचीही नोंद करा. पाहणाऱ्याने दोन्ही वाचावे आणि मग ठरवावे.

परत येताना ती मुलगी बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर होती. तिने निबंधाची प्रत मागितली. दुसऱ्या दिवशी दिली. आठवड्याने ती म्हणाली, “सर, आमच्या आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे तर आम्हाला माहीतच होतं.”

आता मी मोरोपंतांचा तास घेतो, तेव्हा पहिली दहा मिनिटे तो निबंध वाचतो. अभ्यासक्रमात तो नाही.