‘रसायनविरहित’ रिठा?

रिठ्याच्या काही पुड्यांवर ‘रसायनविरहित’ असे छापलेले असते. हा शब्द वर्गातच तपासून पाहा. रिठ्याची टरफले भिजवा आणि ते पाणी बाटलीत घालून हलवा. भरपूर फेस येईल. हा फेस सॅपोनिन या रसायनाचा! साबणाप्रमाणेच त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. विहिरीच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा साका होतो, रिठ्याचा फेस मात्र टिकतो. हा रिठ्याचा खरा गुण. तो पुडीवर छापायला हवा. पण हेच पाणी डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते. मासे मारण्यासाठीही रिठा वापरला गेला आहे. तेव्हा रिठा जरूर वापरावा. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण मात्र फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडूनच खोडून घ्यावे.