संस्थेची तयारी मोजता येते का?

ताप मोजायला तापमापी आहे, रक्तदाब मोजायलाही यंत्र आहे. पण एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र नवा आरोग्य कार्यक्रम राबवायला ‘तयार’ आहे की नाही, हे कशाने मोजायचे? प्रश्न जरा विचित्र वाटेल. पण एकच औषध आणि एकच शासकीय आदेश शेजारच्या दोन केंद्रांत एकाच वेळी पोचतो. एका ठिकाणी काम मार्गी लागते, दुसऱ्या ठिकाणी गोळ्यांची खोकी कपाटात पडून राहतात. औषध तेच, आजार तोच. मग फरक कशाचा? तो संस्थेच्या तयारीचा असला पाहिजे, असे मानून गेल्या काही दशकांत संशोधकांनी ही तयारी मोजण्यासाठी अनेक प्रश्नावल्या बनवल्या. या मोजपट्ट्या कितपत खऱ्या, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

मोजपट्टी कशी आहे?

या विषयातील सर्वांत जास्त उल्लेखली जाणारी मांडणी ब्रायन वायनर या अमेरिकी संशोधकाची. २००९ साली ‘इम्प्लिमेंटेशन सायन्स’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्यांच्या मते तयारीचे दोन घटक असतात. एक बांधिलकी, म्हणजे हा बदल आपण घडवायचाच असा एकत्रित निश्चय. दुसरा क्षमतेचा विश्वास, म्हणजे हे आपल्याला मिळून जमेल अशी खात्री. यावर आधारलेली एक छोटी प्रश्नावली २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मोजकी विधाने आहेत. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते कर्मचाऱ्याने १ ते ५ या आकड्यांत सांगायचे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली ही पद्धत बी. एड.च्या अभ्यासक्रमामुळे शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

या मांडणीतल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली, तिने तयारी आणि सामग्री यांची गल्लत केलेली नाही. शीतपेटी आहे, इमारत आहे, पदे भरलेली आहेत म्हणजे संस्था तयार आहे, असे ती म्हणत नाही. दुसरी, तयारी ही सर्वसाधारण नसते, अमुक एका बदलासाठी असते. लसीकरणात तरबेज असलेले केंद्र मानसिक आरोग्याच्या कामाला तितकेच तयार असेल, असे नाही.

वर्ध्याचे उदाहरण

कागदावरची ही मांडणी मातीवर कशी दिसते, हे पाहायला वर्धा जिल्ह्याइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवेचे काम सुरू केले ते १९३६ साली. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना १९५१ची. तिचे मुख्यालय वर्ध्याला आहे. पाहणी, शिक्षण आणि उपचार या तिन्हींची सांगड घालणारी पद्धत डॉ. रा. वि. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच संस्थेत घडवली. तेव्हा औषध होते डॅप्सोन. गोळी स्वस्त होती, पण ती वर्षानुवर्षे घ्यावी लागे. पुढे डॅप्सोनला दाद न देणारे जंतू आढळू लागले.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन या औषधांचा एकत्रित वापर करण्याची शिफारस केली. यालाच बहुविध औषधोपचार म्हणतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतात ज्या मोजक्या जिल्ह्यांत हा उपचार प्रथम सुरू झाला, त्यांत वर्धा होता.

आता या नव्या उपचाराने यंत्रणेकडे काय मागितले ते पाहा. डॅप्सोनची गोळी रुग्ण घरी घेत असे. रिफाम्पिसिनची मात्रा मात्र महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यासमोर घ्यायची होती. म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गावी कर्मचारी पोचलाच पाहिजे. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तरी! क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळवंडते. हे रुग्णाला आधी समजावले नाही, तर तो औषध सोडणार. शिवाय उपचाराला आता मुदत होती. त्यामुळे ‘हा बरा झाला’ असे म्हणून नोंदवहीतून नाव कमी करण्याची जबाबदारीही आली. औषध बदलले, त्याबरोबर कामाचे स्वरूपच बदलले.

म्हणूनच या जिल्ह्यांत उपचारापूर्वी पूर्वतयारीचा स्वतंत्र टप्पा ठेवला होता. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, लोकांना माहिती देणे, आणि जुन्या नोंदवहीतल्या प्रत्येक रुग्णाची फेरतपासणी ही कामे त्यात येत. ‘तुम्ही तयार आहात का?’ असे विचारण्याऐवजी तयारी करून घेतली गेली. हा फरक लहान नाही. मोजपट्टीवरचे माझे आक्षेप इथूनच सुरू होतात.

आक्षेप पहिला : सरासरीचा

दोन काल्पनिक केंद्रे घेऊ. प्रत्येकात दहा कर्मचारी. पहिल्या केंद्रात पाच जणांनी ३ गुण दिले, पाच जणांनी ४. दुसऱ्यात पाच जणांनी ५ दिले, पाच जणांनी २. सरासरी दोन्हीकडे ३.५. अहवालात दोन्ही केंद्रे ‘सारखीच तयार’ ठरतील. पण पहिल्या केंद्राचे प्रमाण विचलन ०.५ आहे, दुसऱ्याचे १.५. पहिले केंद्र एका मनाचे आहे, दुसरे दुभंगलेले. आणि २ गुण देणारे पाच जण जर गावोगाव फिरणारे असतील, ५ देणारे टेबलामागचे असतील, तर कार्यक्रम कुठे अडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तयारी ही सामायिक असते, तेव्हा एकवाक्यता आहे का ते आधी तपासा, असे वायनर स्वतःच सांगतात. म्हणजे दोष मूळ मांडणीचा कमी, ती वापरण्याच्या घाईचा जास्त. पण मोजपट्टी जेव्हा कार्यालयात पोचते, तेव्हा तिच्यासोबतच्या सूचना वाटेत गळून पडतात आणि उरतो फक्त एक आकडा. शिवाय ३ आणि ४ मधले अंतर ४ आणि ५ मधल्या अंतराइतकेच आहे, असे कोणी सिद्ध केले? ते सेंटिमीटर नव्हेत.

आक्षेप दुसरा : विचारणारा कोण?

तापमापीला वरिष्ठांची भीती नसते, माणसाला असते. तालुक्याचे अधिकारी समोर बसून ‘हा कार्यक्रम राबवायला तुम्ही तयार आहात ना?’ असे विचारतात, तेव्हा आरोग्य सेविका काय उत्तर देईल? ‘हो साहेब!’ हे उत्तर खोटेपणाचे नाही, व्यवहाराचे आहे. पण ते मोजमाप नव्हे. इंग्रजीत घडवलेली विधाने आपल्या भाषेत आणताना हा धोका वाढतो. ‘बांधिलकी’ या शब्दाला आपल्याकडे भाषणाचा वास आहे. त्याला ‘सहमत नाही’ म्हणणे जवळजवळ पाप वाटते.

आक्षेप तिसरा : सप्रमाणतेचा

शिक्षकांना विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला भेद ठाऊक आहे. दर वेळी पाव किलो जास्त दाखवणारा काटा विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. तयारीच्या प्रश्नावलीची खरी कसोटी ही, की जास्त गुण मिळालेल्या संस्थेने नंतर काम खरोखर चांगले केले का? वायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००८ साली अशा ४३ मोजपट्ट्यांचा आढावा घेतला. त्यांतल्या बोटांवर मोजण्याइतक्याच मोजपट्ट्यांची पद्धतशीर पारख झालेली आढळली. बाकीच्या बनल्या, वापरल्या गेल्या, छापल्या गेल्या. ज्या काट्याचे वजनमाप खात्याने प्रमाणीकरण केले नाही, त्यावर दुकानदार धान्य विकू शकत नाही. संशोधनाला ही शिस्त नको का?

चौथा मुद्दा काळाचा. प्रश्नावली तयारीला आधी असलेली गोष्ट मानते. पण जमेल असा विश्वास पुष्कळदा काम करताना येतो. नव्या औषधाने चट्टे फिके पडताना आणि नोंदवहीतली नावे बरी होऊन कमी होताना डोळ्यांनी पाहणे, हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा प्रभावी ठरते. पहिल्या दिवशीचे २ गुण सहा महिन्यांनी ४ होऊ शकतात. आणि एका चांगल्या डॉक्टरची बदली झाली, की ४ चे २ व्हायलाही वेळ लागत नाही.

ज्वारीची मोजपट्टी

मग तयारी मोजूच नये काय? तसे नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयाने परिसरातल्या खेड्यांसाठी जी आरोग्य विमा योजना चालवली, ती इथे आठवते. डॉ. उल्हास जाजू यांचे या कामाशी नाव जोडलेले आहे. सुगीनंतर गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या प्रमाणात जास्त. आणि गाव योजनेत येण्यासाठी सुमारे ७५ टक्के सहभागाची अट.

ही अट म्हणजे तयारीची मोजपट्टीच आहे! मात्र ती मत विचारत नाही, कृती पाहते. ‘आम्ही बांधील आहोत’ म्हणायला काही खर्च येत नाही. घरातली पायली उचलून द्यायला येतो. शिवाय ती सरासरी काढत नाही. चार श्रीमंतांनी पोत्यांनी ज्वारी ओतली तरी टक्केवारी वाढत नाही. किती घरे आली, हे ती मोजते. म्हणजे एकवाक्यता तिच्या रचनेतच आहे.

पण ही मोजपट्टीही निर्दोष नाही. गटबाजीने दुभंगलेले गाव ७५ टक्क्यांना पोचणार नाही, आणि अशाच गावातल्या गरिबाला दवाखान्याची गरज सर्वांत जास्त असू शकते. तयारीच्या प्रत्येक मोजमापात हा धोका दडलेला आहे. ‘जे तयार नाहीत त्यांना वगळा’ असा तिचा अर्थ लावला, तर मागे पडलेले आणखी मागे पडतील. कुष्ठरोगाच्या कार्यक्रमाने याचे उत्तर दिले होते. जिल्ह्यांचा क्रम रोगाच्या प्रमाणावरून ठरला, तयारीवरून नव्हे. गरजेवरून निवड करायची आणि निवडीनंतर तयारी घडवायची, हा तो क्रम. तो उलटा झाला, की मोजपट्टी ही मदतीचे साधन न राहता नापास करण्याचे साधन होते.

शाळेसाठी

हा विषय शिक्षकांना परका नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना शाळेत शिक्षकांच्याच हातून दिली जाते. आपल्या शाळेची तयारी वरिष्ठ विद्यार्थ्यांना घेऊन अशी तपासता येईल. शिक्षकांकडून १ ते ५ गुण निनावी चिठ्ठ्यांवर घ्या. सरासरी काढण्याआधी फळ्यावर प्रत्येक चिठ्ठीचा एक ठिपका मांडा. ठिपके एकत्र आहेत की दोन टोकांना, हे मुलांना आकड्याआधी दिसू द्या. मग मताऐवजी कृतीचे प्रश्न विचारा : आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये हे कोणाकोणाला ठाऊक आहे? गैरहजर मुलांची यादी कोण ठेवणार? एखाद्याला उलटी झाली तर फोन कोणाला करायचा, आणि तो क्रमांक भिंतीवर लिहिला आहे का?

या प्रश्नांची उत्तरे बेरीज करून एका आकड्यात बसत नाहीत. पण ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येईल, तिथे उद्या काय करायचे ते लगेच कळते. कोणत्याही केंद्राच्या वा शाळेच्या माथ्यावर ‘तयारी ३.५’ अशी पाटी लावून हे कळत नाही.