गीत, संगीत, स्वर... आणि चौथा

इब्राहून मस्कतला मंडळाच्या कार्यक्रमाला यायचं म्हणजे दोनेक तासांचा प्रवास. एकटा असलो की गाणी आणि सोबत कुणी असलं की गप्पा, अशी माझी वाटणी ठरलेली. त्या गुरुवारी दोन्ही होतं. माझा एक ओमानी सहकारी बिदबिदपर्यंत येत होता आणि गाडीत ‘चोरी चोरी’ (१९५६) मधलं लताबाईंचं गाणं लागलं होतं. आपल्या आखातातल्या बऱ्याच ओमानी मंडळींप्रमाणे त्यालाही हिंदी चांगलं समजतं. त्याने विचारलं, “कुणाचं हे?”

“लता मंगेशकर.”

“ते आवाजावरून कळलं. कलिमात कुणाचे?” म्हणजे शब्द. हसरत जयपुरी, मी सांगितलं. “अल्हान?” म्हणजे चाल. शंकर-जयकिशन. इथपर्यंत माझी छाती फुगलेली होती. मग तो म्हणाला, “आणि तौझीअ?”

मला आधी शब्दच कळला नाही. त्याने समजावून सांगितलं. तौझीअ म्हणजे वाटप. चाल तयार झाली की तिच्यातलं काय व्हायोलिननं वाजवायचं, काय बासरीनं, कुठे सगळ्यांनी मिळून आणि कुठे कुणीच नाही, ही वाटणी करणारा माणूस. त्यांच्याकडे अलीकडच्या गाण्यांच्या कॅसेटवर, सीडीवर शब्द, चाल आणि तौझीअ अशी तिन्ही नावं ओळीनं छापतात. आपण ज्याला संगीत संयोजक किंवा सरळ ‘अरेंजर’ म्हणतो आणि हल्लीची मुलं ‘म्युझिक प्रोड्यूसर’ म्हणतात, तो हा.

पन्नासेक वर्षं गाणी ऐकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे नाव सांगता आलं नाही. बिदबिद येईपर्यंत मी जरा गप्पच होतो.

मंडळी, आपल्या कानात एक सूत्र लहानपणापासून बसलं आहे: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. रेडिओच्या निवेदिकेनं ते इतक्या वेळा म्हटलं की गाणं म्हणजे तीन माणसांचं काम अशी आपली समजूत झाली. त्या तिघांतही स्वराची खुर्ची पुढे सरकत गेली आणि आपण नुसतं ‘लताचं गाणं’, ‘आशाचं गाणं’ म्हणू लागलो. चौथ्याला तर खुर्चीच मांडलेली नव्हती.

गंमत अशी की ही पुढची खुर्ची स्वरालाही फुकट मिळालेली नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या ज्या गाण्यानं लताबाई घराघरांत पोचल्या, त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव! पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पुरस्कार चाल करणाऱ्याला आहे, गाणाऱ्याला नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही. तर मग गाणं आवाजाशिवाय आणि शब्दांशिवाय वाद्यवृंदावरच वाजवावं. १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला, आणि त्याच वर्षी गीतकाराचाही. पहिला गायनाचा पुरस्कार लताबाईंना ‘मधुमती’साठी मिळाला, गीतलेखनाचा शैलेंद्र यांना ‘यहुदी’साठी.

हा लढा न्याय्य होता यात शंका नाही. पण त्या नकाराच्या किश्श्यात एक गोष्ट आहे, जी मला त्या प्रवासानंतर दिसली. समजा, त्या संध्याकाळी लताबाईंचं ऐकून गाणं खरंच आवाजाशिवाय आणि शब्दांशिवाय वाजवलं असतं, तर लोकांनी काय ऐकलं असतं? चाल तर ऐकलीच असती. पण तिच्या भोवतीचे व्हायोलिनचे झोत, मधले तुकडे, ओळ संपताना पडणारी ती छोटीशी भर, हे सगळं ज्यानं कागदावर उतरवलं त्याचं काम प्रथमच उघड्यावर आलं असतं. आणि तरीही त्याचं नाव कुणी विचारलं नसतं.

शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन वर्षानुवर्षं ज्यांनी केलं ते सेबॅस्टियन डिसूझा. मूळचे गोव्याचे, फाळणीपूर्वी लाहोरात त्यांचा स्वतःचा बँड होता. मुंबईच्या सिनेमासंगीतातले बरेचसे संयोजक आणि वादक गोव्याचेच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, त्यामुळे ती त्यांना वाचता-लिहिता येई. आपले संगीतकार पेटीवर चाल सांगत. ती तीस-चाळीस वादकांनी एका वेळी, एकसारखी वाजवायची तर ती लिहायला हवी. हे लिहिणं म्हणजे नुसती नक्कल नव्हे. प्रत्येक वाद्याला काय द्यायचं, हा निर्णय लिहितानाच होतो. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली अख्खं पुस्तक लिहिलं, ‘बिहाइंड द कर्टन’. पडद्यामागचे हे लोक कोण, हे आपल्याला एका परदेशी माणसाकडून कळावं, याची थोडी लाज वाटते.

आणि अँथनी गोन्साल्विस! ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधलं अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचं गाणं आपल्या प्रत्येक कोजागिरीला कुणी ना कुणी म्हणतोच. ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक आहे? गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक आणि संयोजक लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातल्या प्यारेलालजींचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्सच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचनांचा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि त्यात गायला लताबाई आणि मन्ना डे होते. म्हणजे एका संध्याकाळी का होईना, चौथा माणूस मधोमध उभा राहिला आणि नामवंत गळे त्याच्या कागदावरचं गायले. जानेवारी २०१२ मध्ये ते गेले. त्यांचं नाव देशभर गायलं जातं, पण ते त्यांना ओळखून नव्हे. शिष्यानं दिलेली ती गुरुदक्षिणा बहुतेकांना विनोद वाटते.

मराठीकडे वळलं की माझं मत थोडं बदलतं, आणि ते सांगायला हवं. सगळं श्रेय संयोजकाचंच होतं, संगीतकार नुसते सह्या करत, असं म्हणणाऱ्यांचा एक नवा पंथ निघाला आहे. तो मला मान्य नाही. ‘गीतरामायण’ घ्या. बाबूजींनी ते आयुष्यभर मोजक्या साथीवर गायलं. तिथे चाल स्वतःच्या पायावर उभी आहे. बाजूची वाद्यं कमी केली तरी काही ढासळत नाही. सिनेमातल्या गाण्याचं तसं नाही. सुरुवातीचे व्हायोलिन काढून टाका, निम्मी आठवण पुसली जाते. तेव्हा चौथ्याचा वाटा गाण्यागणिक कमी-जास्त होणार. वाट्यावरून वाद घालावा, पण नावावरून नाही.

‘गीतरामायणा’तही विसरलेली माणसं आहेतच. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभराहून थोडा अधिक काळ पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं झाली. त्यामागची कल्पना आणि पाठपुरावा केंद्रावरच्या सीताकांत लाड यांचा. खऱ्या अर्थानं निर्माते ते. गदिमा आणि बाबूजी ही जोडी आपण एका श्वासात म्हणतो, तिसरं नाव थांबून आठवावं लागतं. बाबूजींचे सहायक आणि व्हायोलिनवादक प्रभाकर जोग हे चौथं. पण इथे एक सुंदर उलटापालट झाली आहे. यशवंत देवांचं एक अतिशय लोकप्रिय भावगीत बाबूजी गायले ते जोगांच्या चालीत. सहायकाच्या चालीसमोर गुरू गायक म्हणून उभे राहिले! मोठेपणाचे असे पुरावे तबकडीच्या गोल कागदावर छापलेले असतात, आपण वाचत नाही इतकंच.

अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांचंही पाहा. दोघंही उत्तम वादक आणि संयोजक. ‘अष्टविनायक’ (१९७९) ला अनिल-अरुण म्हणून संगीत दिलं तेव्हा मराठी घरांत नाव झालं. लक्ष्मीकांत-प्यारेलालही ‘पारसमणी’ (१९६३) च्या आधी इतरांकडे हेच काम करत होते. म्हणजे आपल्याकडे चौथ्याला नाव हवं असेल तर त्यानं दुसरा व्हायचं. चौथा राहून नाव मिळवायची सोय नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क पक्का केला, फार चांगलं झालं. पण संयोजक त्यात वेगळा दिसत नाही.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी भारतातून कलाकार आले होते आणि स्मरणिकेतला परिचय मी लिहिला होता. गायिकेवर दीड पान, रंगीत फोटोसकट. खाली एक ओळ: ‘व साथीदार’. त्या साथीदारांतला की-बोर्डवाला दोन रात्री जागून आपल्या स्थानिक वादकांसाठी कागद लिहीत बसला होता. आपल्या हौशी तबलजीला आणि दोन बासरीवाल्यांना सांभाळून घेत त्यानं अठरा गाणी उभी केली. मी स्वतः त्याला चहा नेऊन दिला होता! कार्यक्रमानंतर त्यानं स्मरणिकेची प्रत मागितली, ते पान काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, “छपाई छान झाली आहे.” मी ‘धन्यवाद’ म्हणालो. खरंच म्हणालो.

हल्ली मोबाइलवर गाणं लावलं की ठळक दिसतो तो गायकाचा फोटो. बाकी नावं असलीच तर दोन-तीनदा बोट फिरवून शोधावी लागतात. तबकडीवर निदान डोळ्यांसमोर तरी होती. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आहे आणि प्रत्येक गाण्यामागे चौथं नाव शोधायला मी बसलो आहे. वीस गाण्यांपैकी सहांचीच मिळाली आहेत. कुणाला ठाऊक असतील तर जरूर कळवा.

‘चोरी चोरी’च्या मागचं नाव मिळालं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या सहकाऱ्याला मुद्दाम जाऊन सांगितलं, “तौझीअ, सेबॅस्टियन डिसूझा.” त्याच्या कपाळाला आठी पडली. मस्कतचे ते दोन किल्ले आठवले असावेत.

“बुर्तुगाली?” त्यानं विचारलं.

“नाही रे,” मी म्हटलं, “आमच्या शेजारचा. गोव्याचा.”