नेएल यांचे व्याख्यान : बिनचूक हिशोब, चुकलेला अंदाज

लुई नेएल (१९०४-२०००) या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९७० साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेले व्याख्यान शिक्षकांनी दोनदा वाचावे असे आहे. पहिल्यांदा त्यातल्या विचारपद्धतीसाठी, आणि दुसऱ्यांदा पुढे साफ चुकीच्या ठरलेल्या एका विधानासाठी.

काही पदार्थ चुंबकाकडे जोराने ओढले जातात, काही किंचित ओढले जातात, तर काही किंचित दूर सारले जातात, असे तीन प्रकार आपण वर्गात शिकवतो. या तीन कप्प्यांत नीट न बसणारे पदार्थ हाच नेएल यांचा विषय. १९३० च्या दशकात त्यांनी अशी कल्पना मांडली की, काही स्फटिकांत शेजारशेजारचे अणुचुंबक परस्परांच्या उलट दिशांना तोंड करून असतात. त्यामुळे बाहेरून बेरीज शून्य येते. अशा पदार्थांना आज प्रतिलोहचुंबकीय म्हणतात.

बेरीज शून्यच येणार असेल, तर आतली मांडणी दिसणार कशी? शिवाय पुंजयांत्रिकीच्या काटेकोर गणितात हे चित्र पुरते बसत नव्हते. उत्तर १९४९ साली मिळाले. अमेरिकेत शल आणि स्मार्ट यांनी थंड केलेल्या मँगॅनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत सोडला. न्यूट्रॉन स्वतःच एक इवला चुंबक असल्याने 'वर' आणि 'खाली' तोंड केलेले अणू त्याला वेगवेगळे भासतात. सुमारे १२० केल्विनच्या खाली, क्ष-किरणांनी न दिसलेली मांडणी या झोताने दाखवून दिली.

व्याख्यानाचे खरे बळ साध्या हिशोबात आहे. मॅग्नेटाइट (Fe₃O₄) घ्या. त्यात दोन फेरिक आयन (प्रत्येकी ५ विजोड इलेक्ट्रॉन) आणि एक फेरस आयन (४ विजोड इलेक्ट्रॉन) असतो. सगळे एकाच दिशेला असते, तर चुंबकत्व ५+५+४ म्हणजे १४ एकके आले असते. प्रत्यक्ष मोजमाप येते ४.१ च्या आसपास. नेएल यांनी १९४८ साली सांगितले की, एक फेरिक आयन उलट दिशेला आहे: ५+४-५=४. हा हिशोब अकरावीचा विद्यार्थीही फळ्यावर करू शकेल. अवघड सिद्धान्ताचा दबदबा न दाखवता मोजमापाला भिडणे, हा या व्याख्यानाचा मोठा गुण.

आता दोष. प्रतिलोहचुंबकीय पदार्थ सैद्धान्तिक दृष्टीने अत्यंत रंजक आहेत, पण त्यांचा काही व्यावहारिक उपयोग दिसत नाही, अशा आशयाचे विधान नेएल करतात. 'तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते' म्हणून ते सोडून देता येत नाही. मायकलजॉन आणि बीन यांनी १९५६ सालीच दाखवले होते की, कोबाल्टच्या बारीक कणांवर त्याच्या ऑक्साइडचा प्रतिलोहचुंबकीय थर असला, तर तो कणांचे चुंबकत्व एका दिशेला बांधून ठेवतो. पातळ थरांतल्या याच बंधनाचा सिद्धान्त खुद्द नेएल यांनी १९६७ साली मांडला होता! म्हणजे उत्तर हाताशी होते. चूक अशी की, पदार्थ एकटा काय करतो एवढेच पाहून त्याची किंमत ठरवली गेली. शेजारच्या थराला तो काय करतो हे हिशोबात धरले गेले नाही.

पुढे फेर आणि ग्रुनबर्ग यांनी १९८८ साली शोधलेल्या चुंबकीय रोधाच्या परिणामाला (नोबेल २००७) या बंधनाची जोड मिळाली. १९९७ पासून संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारी जी शीर्षे आली, त्यांत एक चुंबकीय थर प्रतिलोहचुंबकाने जखडलेला आणि दुसरा मोकळा असतो. डिस्कवरच्या क्षीण क्षेत्राने मोकळा थर वळला की विद्युतरोध बदलतो, आणि माहिती वाचली जाते.

'सर, याचा उपयोग काय?' हा प्रश्न वर्गात येतोच. 'काही नाही' हे उत्तर आपण किती सहज देतो! ज्याने विषय उभा केला त्याचाही अंदाज इथे चुकला. म्हणून मॅग्नेटाइटचा हिशोब फळ्यावर करून झाला की ही गोष्टही सांगावी, आणि उपयोगाच्या प्रश्नाला 'अजून ठाऊक नाही' असे उत्तर देण्याचा संकोच बाळगू नये.