उंचीचा दावा आणि उंचीचा पुरावा : हौशी रॉकेट-विक्रमांच्या पडताळणीची चिकित्सा

प्रस्तावना

हौशी रॉकेटविद्या हा प्रामुख्याने अमेरिकेत व युरोपात रुजलेला छंद होय. जी. हॅरी स्टाइन यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये सुरू झालेली आणि पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या नावाने प्रसिद्धीस आलेली संघटना, तसेच आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ, यांनी या छंदाला नियमांची चौकट दिली. इंजिनांचे वर्गीकरण त्यांच्या एकूण आवेगावर केले जाते. 'ए' वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद असून 'बी', 'सी' अशा प्रत्येक पुढील अक्षरागणिक ती दुप्पट होते. समान शक्तीच्या इंजिनांची तुलना समानांतच व्हावी, हा त्यामागील हेतू उघड आहे. मात्र इंजिनाच्या बाबतीत जी दक्षता घेतली गेली, ती उंचीच्या मोजमापाबाबत तितक्याच कसोशीने घेतली जाते काय, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे. विषय परदेशी छंदाचा असला तरी मोजमाप, त्रुटी आणि दावा यांचे नाते प्रयोगशाळेत शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाचे आहे.

दोन निरीक्षकांची पद्धती

इलेक्ट्रॉनिक साधने येण्यापूर्वी उंची डोळ्यांनी मोजली जात असे. मैदानावर काही शे मीटरांची आधाररेषा आखून तिच्या दोन्ही टोकांस थिओडोलाइट मांडले जात. रॉकेट सर्वोच्च बिंदूस पोहोचताच दोन्ही निरीक्षक आपापले दिगंश व उन्नतांश वाचीत आणि त्रिकोणमितीने प्रत्येक केंद्रावरून एक, अशा दोन उंची काढल्या जात. या दोहोंत सरासरीच्या दहा टक्क्यांहून अधिक तफावत आढळल्यास ते उड्डाण मोजमापासाठी बाद ठरे. रॉकेट दिसावे म्हणून सर्वोच्च बिंदूपाशी रंगीत भुकटी उधळण्याची युक्तीही रूढ होती.

या पद्धतीचा गुण असा की, तिची त्रुटी चारचौघांत उघडी पडत असे. दोन साक्षीदार परस्परांना तपासत. त्यांचे जुळले नाही तर ते लपविण्यास जागा नव्हती. तिचा दोष मात्र याहून मोठा होता आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रॉकेट जितके लहान आणि जितके उंच, तितके ते दृष्टीआड होण्याचा संभव अधिक. म्हणजे मध्यम दर्जाचे उड्डाण नोंदले जाई आणि उत्कृष्ट उड्डाण आकाशात हरवून जाई. मोजमापाची पद्धतीच सर्वोत्तम कामगिरीला वगळू लागली, तर त्या पद्धतीने तयार झालेल्या विक्रमसूचीला कामगिरीची सूची म्हणावयाचे की दृष्टीच्या मर्यादेची?

वायुदाबमापक : एकच साक्षीदार

गेल्या दोन दशकांत काही ग्रॅम वजनाचे इलेक्ट्रॉनिक उंचीमापक सर्रास वापरात आले. ते प्रत्यक्षात उंची मोजत नाहीत, हे येथे प्रथमच नमूद केले पाहिजे. ते वायुदाब मोजतात आणि प्रमाण वातावरणाच्या सूत्राने त्याचे उंचीत रूपांतर करतात. या सूत्रात समुद्रसपाटीचे तापमान १५ अंश सेल्सिअस आणि दर किलोमीटरला ६.५ अंशांची घट गृहीत धरलेली असते. वास्तवातील हवा ही गृहीतके पाळीत नाही.

उदाहरणादाखल, उंचीमापकाने दोन उड्डाणांत नेमकी १,००० मीटर उंची दाखविली असे समजू. पहिल्या दिवशी हवेचा स्तंभ प्रमाणापेक्षा २० अंशांनी उष्ण होता, तर दुसऱ्या दिवशी २० अंशांनी थंड. उष्ण हवा प्रसरण पावलेली असल्याने दाबातील तीच घट अनुभवण्यास रॉकेटला अधिक अंतर चढावे लागते. पहिल्या रॉकेटने प्रत्यक्षात सुमारे १,०७० मीटर उंची गाठली, दुसऱ्याने सुमारे ९३०. यंत्राच्या लेखी दोघे बरोबरीचे असले तरी त्यांच्यात १४० मीटरांचे अंतर आहे. ज्या स्पर्धेत विजय काही मीटरांवर ठरतो, तेथे हिवाळ्यात उडविणाऱ्यास न कमावलेला लाभ आणि उन्हाळ्यात उडविणाऱ्यास न केलेल्या अपराधाची शिक्षा मिळते. जमिनीवरील तापमान नोंदवून दुरुस्ती करणे हे शालेय गणित आहे. ती दुरुस्ती ऐच्छिक ठेवणारा कोणताही नियम न्याय्य म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण रॉकेटच्या शरीरातीलच आहे. उंचीमापकाच्या कप्प्यास बाहेरील हवेशी जोडणारी छिद्रे लहान पडली तर दाब उशिरा समतोल साधतो. ती नाकाडाच्या अगदी जवळ असली तर वाहत्या हवेचा दाब वाचनात मिसळतो. ध्वनिवेग ओलांडताना आघाततरंगामुळे दाबात जी उडी येते, तिला यंत्र उंचीतील बदल समजू शकते. हवाछत्री बाहेर फेकली जाऊन नाकाड सुटताना निर्माण झालेल्या क्षणिक चोषणाने नोंदीत उंच सुळका उमटतो. केवळ कमाल आकडा 'बीप' करून सांगणाऱ्या यंत्रात हा सुळकाच विक्रम म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो.

येथे भौतिकशास्त्र स्वतःच पंच होऊ शकते, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. सर्वोच्च बिंदूच्या जवळ वेग अत्यल्प असल्याने हवेचा रोध नगण्य होतो आणि गती जवळजवळ मुक्त पतनाची असते. म्हणून त्या बिंदूच्या एक सेकंद आधी व नंतर रॉकेट सुमारे ४.९ मीटर खाली असले पाहिजे, दोन सेकंदांच्या अंतराने सुमारे १९.६ मीटर. ज्या नोंदीत या बिंदूपाशी एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात ४० मीटरांची उडी दिसते, ती कोणत्याही रॉकेटची असू शकत नाही. परंतु ही तपासणी करण्यासाठी संपूर्ण काल-उंची आलेख हाती असावा लागतो. एकटा आकडा निरुपयोगी. तीच गोष्ट लबाडीची. निर्वात पंपाला जोडलेल्या बरणीत उंचीमापक ठेवून हवी ती 'उंची' गाठता येते, पण त्या बरणीत खऱ्या उड्डाणाचा प्रवेग, मंदावणे आणि परवलय यांची हुबेहूब नक्कल करणे कठीण. अमेरिकेतील शालेय संघांसाठी २००३ पासून भरणाऱ्या आणि टीम अमेरिका रॉकेट्री चॅलेंज या नावाने सुरू झालेल्या स्पर्धेत अधिकारी उड्डाणापूर्वी व उड्डाणानंतर उंचीमापक तपासतात. शाळकरी मुलांना जी शिस्त लावली जाते, ती विक्रमवीरांना जाचक वाटण्याचे कारण नाही.

स्थानाचा लाभ

या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंट समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असून प्रमाण वातावरणानुसार तेथे हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे ८९ टक्के भरते. रोध कमी, म्हणून झेप अधिक. कमी पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यतीत पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरांहून अधिक असल्यास विक्रम मानला जात नाही. उंच स्थळावरील कामगिरी मात्र केवळ खुणेसह नोंदली जाते. रॉकेटच्या सूचीत अशी खूण अनिवार्य करण्यास खर्च काहीच नाही.

अवकाशाच्या सीमेवरील दावे

सुमारे ३० किलोमीटरांवर वायुदाब १२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो. समुद्रसपाटीस एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे आठ-साडेआठ मीटर. तेथे तीच चूक पाचशे मीटरांहून अधिक होते. त्यापुढे वायुदाबमापक निरुपयोगी. उपग्रहीय स्थाननिर्धारणाचे नागरी ग्राहकसंच निर्यात-नियंत्रणाच्या जुन्या अटींमुळे सुमारे १८ किलोमीटर उंची व १,००० नॉट वेग यांपलीकडे मूक होऊ शकतात. काही संच यांपैकी एक मर्यादा ओलांडताच थांबतात, काही दोन्ही ओलांडल्यावर. उरतो त्वरणमापक. त्याच्या नोंदीचे दोनदा संकलन करावे लागत असल्याने त्रुटी काळाच्या वर्गाने वाढते : दर सेकंद-वर्गास केवळ ०.१ मीटरचा कल १५० सेकंदांत १,१०० मीटरांहून अधिक चूक घडवितो. शिवाय रॉकेट तिरके गेले आणि यंत्राने अक्षाच्या दिशेचेच त्वरण मोजले, तर संपूर्ण मार्ग उभाच होता असे मानले जाते; २० अंशांच्या कलाने उंची सहा टक्क्यांनी फुगते.

या पार्श्वभूमीवर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २१ एप्रिल २०१९ रोजी न्यू मेक्सिकोतील स्पेसपोर्ट अमेरिका येथून सोडलेल्या 'ट्रॅव्हलर ४' या रॉकेटचा दावा तपासण्याजोगा आहे. विश्लेषणाअंती त्यांनी उंची ३,३९,८०० फूट, अधिक-उणे १६,५०० फूट, अशी दिली आणि १०० किलोमीटरांची कारमान रेषा ओलांडल्याची खात्री ९० टक्के असल्याचे सांगितले. हौशी क्षेत्रात इतक्या स्पष्टपणे अनिश्चितता जाहीर करणे हे निःसंशय स्तुत्य होय. पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थही वाचावा लागतो. खालची मर्यादा ३,२३,३०० फूट, म्हणजे सुमारे ९८.५ किलोमीटर भरते आणि ती रेषेच्या आत आहे. आपला विद्यार्थी प्रयोगवहीत असे उत्तर लिहील, तर 'मूल्य मर्यादेपेक्षा अधिक आहे' हे विधान आपण जसेच्या तसे मान्य करू काय? विद्यार्थ्यांनी बांधलेले अवकाशात गेलेले पहिले रॉकेट, ही ख्याती ज्या वेगाने पसरली त्या वेगाने ते अधिक-उणे चिन्ह पसरले नाही. दोष विश्लेषकांचा नाही. 'होय' किंवा 'नाही' एवढेच ऐकू येणाऱ्या विक्रमसंस्कृतीचा आहे.

याच्या उलट उदाहरणही त्याच गटाने पुरविले. सिव्हिलियन स्पेस एक्सप्लोरेशन टीमच्या 'गोफास्ट' रॉकेटने १७ मे २००४ रोजी ब्लॅक रॉक येथून सुमारे ११६ किलोमीटर उंची गाठल्याचे नोंदले गेले होते. २० ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच वाळवंटातून सुटलेल्या 'आफ्टरशॉक २' या विद्यार्थी-रॉकेटची उंची सुमारे १४३ किलोमीटर सांगण्यात आली. दोहोंतील अंतर सुमारे २७ किलोमीटर आहे. 'ट्रॅव्हलर ४'ची पाच किलोमीटरांची अनिश्चितता दोन्ही उड्डाणांना लावली, जुन्या आकड्यात ती मिळविली आणि नव्यातून वजा केली, तरी क्रम बदलत नाही. विक्रम मोडला असे म्हणण्यासाठी नव्या व जुन्या उंचीतील फरक दोहोंच्या एकत्रित अनिश्चिततेपेक्षा मोठा असावा, हा निकष येथे सहज पाळला जातो. लहान इंजिनांच्या वर्गांत, जेथे चार-सहा मीटरांनी नावे बदलतात, तेथे तो लावल्यास किती नोंदी 'बरोबरीत' म्हणून एकत्र लिहाव्या लागतील, याची मोजणी विक्रम राखणाऱ्या संस्थांनी करून पाहण्यासारखी आहे.