वाईलिमाच्या आठवणी

घरांतील थोर माणूस निवर्तल्यावर त्याच्या आठवणी लिहिण्याची प्रथा आतां आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे. अशीं पुस्तकें हातीं आलीं म्हणजे टीकाकाराची मोठी पंचाईत होते. लेखकाच्या ठिकाणीं माया असते, आणि मायेवर टीका करणें हें असभ्यपणाचें वाटतें. परंतु पुस्तक छापून वाचकांपुढें ठेवल्यावर तें केवळ कुटुंबापुरतें राहत नाहीं; त्यांतील माया किती डोळस आहे हें पाहण्याचा अधिकार वाचकाला पोहोंचतो. हा प्रश्न मनांत ठेवून इंग्रजींतील अशाच एका जुन्या पुस्तकाचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे. तें पुस्तक म्हणजे ‘मेमरीज ऑफ वाईलिमा’. १९०२ सालीं न्यूयॉर्क येथें तें प्रसिद्ध झालें. इझोबेल स्ट्राँग व लॉइड ऑस्बर्न हीं बहीणभावंडें त्याचीं कर्तीं, आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्यांचा सावत्र बाप हा त्याचा विषय.

‘सावत्र’ हा शब्द आपल्या कानाला कडू लागतो. आपल्या कहाण्यांनीं तो तसा करून ठेवला आहे. येथें मात्र त्या शब्दाची सारी कडवट चव निघून गेलेली दिसते. १८८० सालीं स्टीव्हन्सननें फॅनी ऑस्बर्न या आपल्याहून दहा वर्षांनीं वडील असलेल्या अमेरिकन बाईशीं विवाह केला, तेव्हां लॉइड बारा वर्षांचा होता. दुसऱ्याच वर्षीं स्कॉटलंडमधील ब्रेमार या गांवीं पावसामुळें घरांत कोंडून पडलेल्या या मुलाच्या करमणुकीच्या वेळीं एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला गेला, आणि त्या नकाशांतून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मास आली. कागदावरचें बेट ज्या मुलाला असें भेटीदाखल मिळालें, त्याच्याच वांट्याला पुढें खरेंखुरें बेट यावें हा योग कोणत्याही कादंबरीकारास सुचण्याजोगा नाहीं. १८८९ च्या डिसेंबरांत हें कुटुंब प्रशांत महासागरांतील सामोआच्या उपोलू बेटावर उतरलें. फुप्फुसाच्या विकारानें जन्मभर अंथरुणाशीं खिळलेल्या स्टीव्हन्सनला तेथील हवा मानवली, आणि आपिया बंदरापासून सुमारें तीन मैलांवर, वाएआ डोंगराच्या पायथ्याशीं, तीनशें एकरांहून अधिक रान विकत घेऊन त्यानें घर बांधलें. त्या घराचें नांव वाईलिमा. तेथें पत्नी होती, सावत्र मुलगा व मुलगी होती, मुलीचा मुलगा ऑस्टिन होता, आणि साठी उलटलेली विधवा आईसुद्धां एडिंबरो सोडून येऊन राहिली होती.

पुस्तक लहानसें आहे. इझोबेलनें त्या त्या वेळीं रोजनिशींत टिपलेल्या गोष्टी, लॉइडनें रेखाटलेलें स्टीव्हन्सनचें घरगुती जीवन, ‘पोला’ या सामोअन मुलाचें शब्दचित्र, आणि सामोअन गाण्यांविषयींचा एक लेख, इतकाच त्याचा ऐवज. परंतु वाचून झाल्यावर तें घर डोळ्यांपुढें उभें राहतें. स्टीव्हन्सनचा हात दुखूं लागल्यामुळें तो सांगत असे व इझोबेल लिहून घेत असे. एकदां रक्त पडल्यामुळें बोलण्याचीही बंदी झाली, तेव्हां मुक्याबहिऱ्यांच्या बोटलिपीनें त्यानें तिला कादंबरीचा मजकूर सांगितला. लहानग्या ऑस्टिनला इतिहासाचे धडे तो स्वतः देई. संध्याकाळीं घरचीं माणसें आणि सामोअन नोकरचाकर दिवाणखान्यांत एकत्र जमून प्रार्थना करीत. सणासुदीला नोकर मंडळी कमरेला जीं वस्त्रें गुंडाळीत त्यांवर स्कॉटलंडच्या राजघराण्याच्या चौकटी असत. विषुववृत्तापासून अवघ्या चौदा अंशांवरच्या त्या घरांत शेकोटीसाठीं धुराडें बांधलें होतें! थंडी तेथें नव्हती. थंडीची आठवण होती. घर सोडून दूर देशीं गेलेल्या माणसाचें मन या एका धुराड्यांत जितकें दिसतें तितकें दहा पानांच्या विवेचनांत दिसणार नाहीं.

दोन लेखकांमध्यें इझोबेलचा भाग मला सरस वाटतो, आणि त्याचें कारण उघड आहे. लॉइड लिहितो तो मृत्यूनंतरचा माणूस. त्याच्यापुढें जगद्विख्यात साहित्यिकाची मूर्ति उभी आहे, आणि मूर्तीभोंवतीं फिरतांना पावलें आपोआप संथ पडतात. इझोबेलची रोजनिशी मात्र तो माणूस खोलींत वावरत असतां लिहिलेली आहे. उद्यां काय होणार हें तिला ठाऊक नाहीं, म्हणून तिच्या टिपणांत थट्टा आहे, अर्धवट तुटलेलीं संभाषणें आहेत, क्षुल्लक गोष्टींना मिळालेलें मोठें स्थान आहे. आठवणींच्या पुस्तकांत क्षुल्लक म्हणून जें गाळलें जातें त्यांतच बहुधा माणूस राहिलेला असतो.

येथवर स्तुति झाली. आतां या पुस्तकांत काय नाहीं तें पाहूं. स्टीव्हन्सननें आपला मित्र सिडनी कॉल्व्हिन यास धाडलेलीं पत्रें १८९५ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत वाईलिमाचें घामाचें आयुष्य आहे. आपण ज्याला लाजाळू म्हणतों त्या झाडानें त्याच्या जमिनीचा कबजा घेतला होता, आणि हा विश्वविख्यात कथाकार हातांना कांटे टोंचून घेत तासन् तास तें उपटीत बसे. घराचा खर्च अफाट होता, आणि तो भागविण्यासाठीं प्रकृति सांभाळून नव्हे तर प्रकृति पणाला लावून लिहावें लागे. पण याहूनही मोलाचा पुरावा कितीतरी उशिरां उजेडांत आला. फॅनीनें वाईलिमा येथें ठेवलेली दैनंदिनी १९५५ सालीं चार्ल्स नायडर यांनीं संपादून प्रसिद्ध केली. तिच्या हस्तलिखितांतील कांहीं मजकूर कोणी तरी शाईनें खोडून टाकला होता, आणि संपादकानें मोठ्या खटपटीनें तो पुष्कळसा वाचून काढला. त्यांत एक प्रसंग आहे. पति तिला म्हणाला कीं, तुझा आत्मा कलावंताचा नसून शेतकऱ्याचा आहे. जी बाई पहांटेपासून कोकोचीं व भाजीपाल्याचीं रोपें लावीत होती, माणसें सांभाळीत होती, आजाऱ्याची शुश्रूषा करीत होती, तिच्या जिव्हारीं हे शब्द लागले, आणि ते ती विसरूं शकली नाहीं. १८९३ सालीं तर तिचें मन इतकें बिघडलें कीं घरच्या मंडळींनीं अतिशय कठीण दिवस काढले. मुलांच्या पुस्तकांत यांतलें कांहींच सांपडत नाहीं. तेथें वाईलिमा म्हणजे हंसतें घर.

मुलांना याबद्दल दोष द्यावा काय? १९०२ सालीं त्यांची आई हयात होती. तिच्या दुःखाचें प्रदर्शन मांडण्याचा हक्क त्यांना नव्हता, आणि तसें केलें असतें तर आपणच त्यांना कृतघ्न म्हटलें असतें. तेव्हां मौन हा दोष नव्हे. दोष आहे तो मौनाची जागा गोडीनें भरून काढण्यांत. जेथें सांगतां येत नाहीं तेथें लेखकानें थांबावें. वाचक त्या थांबण्याचा अर्थ समजतो. पण रिकामी जागा उरूंच नये म्हणून तेथें फुलें पसरलीं कीं भोंवतालच्या खऱ्या फुलांविषयींही संशय येऊं लागतो.

आपल्या वाङ्मयांत या दोन्ही रीतींचीं उत्तम उदाहरणें आहेत. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. तेथें पतीविषयींची भक्ति कोठेंही ढळत नाहीं; तरीही शिक्षणापायीं घरांतील वडील बायकांकडून सोसाव्या लागलेल्या जाचाचें वर्णन त्यांनीं लपविलेलें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं आला. पतीचा तऱ्हेवाईक स्वभाव, त्याचें न सांगतां निघून जाणें, धर्मांतरानें पडलेली ताटातूट हें सारें त्यांनीं हंसत हंसत सांगितलें, आणि तें वाचून नारायण वामन टिळक कोणाच्याही नजरेंतून उतरले नाहींत. उलट अधिक जवळचे झाले. मायेला सत्याचें भय बाळगण्याचें कारण नाहीं, हें या निरक्षरप्राय संसारांतून वर आलेल्या बाईनें जितकें सिद्ध केलें तितकें स्टीव्हन्सनच्या सुशिक्षित सावत्र मुलांना करतां आलें नाहीं.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. सामोअन लोक स्टीव्हन्सनला ‘तुसिताला’, म्हणजे कथा लिहिणारा, असें म्हणत. पुस्तकांत ते सर्वत्र आहेत. परंतु बहुधा ते आपले निष्ठावंत नोकर म्हणून, कुळांतील माणसें म्हणून. स्कॉटिश सरदाराचा वाडा उष्ण कटिबंधांत पुन्हां उभारल्याचा आनंद या वर्णनांत आहे, पण त्या वाड्याबाहेर काय चाललें होतें याची चाहूल फार थोडी. जर्मनी, ब्रिटन व अमेरिका या तीन सत्ता त्या वेळीं सामोआच्या कारभारांत हात घालून बसल्या होत्या. स्टीव्हन्सननें १८९२ सालीं ‘अ फूटनोट टु हिस्टरी’ लिहून त्यांचीं कृत्यें चव्हाट्यावर मांडलीं, आणि त्यापायीं हद्दपारीची टांगती तलवार डोक्यावर ओढवून घेतली. १८९३ च्या यादवींत माताआफा पराभूत होऊन परमुलुखांत पाठविला गेला, आणि त्याचे सरदार आपियाच्या तुरुंगांत पडले. त्यांना अन्न व तंबाखू घेऊन भेटावयास जाणारें कुटुंब वाईलिमाचें होतें. सुटका झाल्यावर १८९४ सालीं त्या सरदारांनीं आपखुषीनें वाईलिमापर्यंत रस्ता बांधून दिला. मजुरी नाहीं, हुकूम नाहीं. त्या रस्त्याला त्यांनीं प्रेमळ अंतःकरणांचा मार्ग असें नांव दिलें. रस्त्याच्या मेजवानीच्या प्रसंगीं स्टीव्हन्सननें त्यांना बजावलें कीं, आपली भूमि तुम्ही कसली नाहीं, तींत रस्ते केले नाहींत, तर दुसरे येऊन ती घेतील. पांचच वर्षांनीं, १८९९ सालीं, त्या बेटांची वांटणी झाली व उपोलू जर्मनीकडे गेलें. वाईलिमाच्या घरांत पुढें जर्मन गव्हर्नर राहूं लागला! पश्चिम सामोआ स्वतंत्र होण्यास १९६२ साल उजाडावें लागलें. आज त्या घरांत स्टीव्हन्सनचें स्मृतिसंग्रहालय आहे.

म्हणूनच ‘पोला’ या लेखाला पुस्तकांत विशेष महत्त्व आहे. तेथें प्रथमच एक सामोअन मूल नोकर म्हणून नव्हे तर स्वतःचें घर, स्वतःचा मान व स्वतःचें दुःख असलेला माणूस म्हणून पुढें येतें, आणि लेखिकेची नजर आपल्या अंगणापलीकडे जाते. असे आणखी चार लेख असते तर या पुस्तकाची योग्यता किती वाढली असती!

३ डिसेंबर १८९४ रोजीं सकाळीं कादंबरीचा मजकूर सांगून झाला, आणि संध्याकाळीं पत्नीशीं बोलतां बोलतां स्टीव्हन्सन कोसळला. त्याच रात्रीं चव्वेचाळिसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशीं सामोअन लोकांनीं कुऱ्हाडी व कोयते घेऊन वाएआच्या शिखरापर्यंत वाट फोडली आणि खांद्यावरून त्याला वर नेलें. त्या लोकांनीं आठवणींचें पुस्तक लिहिलें नाहीं. परंतु तो रस्ता आणि ती वाट ही त्यांची साक्ष आहे, आणि तींत कोणतीही ओळ खोडलेली नाहीं.

‘मेमरीज ऑफ वाईलिमा’ हें पुस्तक वाचकांनीं अवश्य वाचावें. मात्र तें एकटें वाचूं नये. स्टीव्हन्सनचीं पत्रें व फॅनीची दैनंदिनी शेजारीं ठेवून वाचावें. मग ध्यानांत येईल कीं, मुलांनीं सांगितलेलें सुख खोटें नव्हतें. तें कष्टाचें होतें, आणि कोणाच्या तरी कष्टावर उभें होतें. हें कळल्यानें तें सुख कमी होत नाहीं. ज्यांच्या घरांत आज कोणी वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहावयास बसलें असेल त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पुढील पिढीला आपले पूर्वज देव म्हणून नको आहेत. तिला ते ओळखीचे हवे आहेत.