परक्या आरशातील स्वत्व : चोई सुंग-ही यांच्या नृत्यातील कलात्मक अस्मितेचा शोध

प्रस्तावना

वसाहतीच्या राजवटीखाली घडलेल्या आधुनिक कलांचा विचार करताना समीक्षेसमोर एक ठरावीक प्रश्न उभा राहतो. कलावंताचे स्वत्व परंपरेत शोधायचे की आधुनिकतेत? या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. परंपरा ही आधीपासून सिद्ध असलेली, हरवलेल्या वस्तूप्रमाणे पुन्हा सापडणारी गोष्ट आहे, असे त्यात मानलेले असते. कोरियातील आधुनिक नृत्याच्या प्रारंभकाळातील सर्वांत महत्त्वाच्या कलावती चोई सुंग-ही (१९११–१९६९) यांची कारकीर्द हे गृहीत तपासून पाहण्यास भाग पाडते. ज्या नृत्यामुळे त्या ‘कोरियन नर्तकी’ म्हणून जगभर ओळखल्या गेल्या, ते नृत्य प्रामुख्याने टोकियोत, एका जपानी गुरूच्या शाळेत आणि जपानी प्रेक्षकांसमोर घडले. म्हणून ते कमअस्सल ठरते काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. अस्मितेचे मूळ कोठे आहे यापेक्षा तिच्या घडणीत निर्णय कोणाच्या हाती होता, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

टोकियोची वाट

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन केला. त्यानंतरच्या वर्षी चोई यांचा जन्म झाला. कुटुंब प्रतिष्ठित परंतु आर्थिकदृष्ट्या खालावलेले होते. मार्च १९२६ मध्ये इशिई बाकू या जपानी नर्तकाचे प्रयोग सोल येथे झाले. नुकतेच शालेय शिक्षण संपविलेल्या चोई यांना थोरले बंधू तेथे घेऊन गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या इशिईंच्या शिष्या म्हणून जपानला रवाना झाल्या.

या निर्णयातील धाडस समजण्यासाठी तत्कालीन कोरियातील नृत्याचे सामाजिक स्थान ध्यानात घेतले पाहिजे. स्त्रीने लोकांसमोर नाचणे हे ‘किसेंग’ या व्यावसायिक कलावतींचे काम मानले जाई. महाराष्ट्रातील कलावंतीण किंवा दक्षिणेतील देवदासी यांच्या वाट्याला आलेला कलेचा गौरव आणि समाजाचा तिरस्कार या दोन्ही गोष्टी किसेंगांच्याही वाट्याला आल्या होत्या. त्यामुळे कुलीन घरातील मुलीला कोरियन नृत्याचा मार्ग जवळजवळ बंद होता. पाश्चात्त्य धर्तीचे, ‘कला’ म्हणून मान्यता पावलेले आणि साम्राज्याच्या राजधानीत शिकविले जाणारे नृत्यच तिला खुले होते. परंपरेकडे जाण्याचा चोई यांचा रस्ता आधुनिकतेतून गेला तो आवडीनिवडीमुळे नव्हे. समाजरचनेनेच तो तसा आखून दिला होता.

इशिई बाकू यांचे शिक्षण टोकियोच्या इंपिरियल थिएटरात इटालियन शिक्षक रोसी यांच्याकडे झाले होते. बॅलेच्या चौकटीत न रमल्याने ते त्यातून बाहेर पडले आणि संगीतकार यामादा कोसाकू यांच्या सहकार्याने त्यांनी ‘नृत्यकाव्य’ नावाचा प्रकार रचला. १९२२ ते १९२५ या काळात त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. इशिईंकडून चोई यांना विशिष्ट नृत्यशैलीपेक्षा एक दृष्टी मिळाली. नृत्य ही एका व्यक्तीची निर्मिती असते आणि तिच्या रचनेची जबाबदारी नर्तकाची असते, ही ती दृष्टी होय.

१९२९ मध्ये चोई सोलला परतल्या. त्यांनी स्वतःची नृत्यशाळा काढली आणि १९३० पासून स्वतःच्या रचना सादर केल्या. १९३१ मध्ये डाव्या विचारांचे साहित्यसमीक्षक आन माक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेला आर्थिक स्थैर्य लाभले नाही. १९३३ मध्ये त्या पुन्हा टोकियोला इशिईंकडे आल्या. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांच्या आत होते आणि त्यांची शैली अद्याप गुरूच्या छायेत होती.

‘एहेया नोआरा’ : स्मृतीचे नृत्य

त्याच वर्षी टोकियोत सादर झालेल्या ‘एहेया नोआरा’ या छोट्या एकल रचनेने ही स्थिती बदलली. कोरियन नृत्याचा अभ्यास करावा, असा सल्ला स्वतः इशिई यांनी त्यांना दिला होता. ढोलवादक व नर्तक हान सोंग-जुन यांच्याकडून त्यांनी पारंपरिक नृत्याचे पाठही घेतले. हे शिक्षण अल्पकाळाचे होते. ‘एहेया नोआरा’चे बीज मात्र या शिक्षणाहून निराळे होते. मद्याच्या बैठकीत रंगात येऊन नाचणारे वडील चोई यांनी बालपणी पाहिले होते. त्या आठवणीवर ही रचना उभी राहिली.

येथे तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे, हे नृत्य दरबारी किंवा धार्मिक परंपरेतील नाही. कोणत्याही शास्त्राने न बांधलेले, घरच्या अंगणात घडणारे ते उत्स्फूर्त नाचणे आहे. दुसरी म्हणजे, नर्तकी पुरुषवेषात, कुलीन पुरुषाची टोपी आणि सैल झगा घालून अवतरते. किसेंगच्या प्रतिमेशी जोडलेले लालित्य आणि सौंदर्यप्रदर्शन या वेषाने एका फटक्यात दूर सारले. तिसरी म्हणजे, त्यातील विनोद. उपलब्ध छायाचित्रांत पसरलेले हात आणि मोकळे हसू दिसते. वसाहतीतील ‘दीन, दुःखी कोरिया’ ही प्रतिमा जपानी प्रेक्षकाच्या परिचयाची होती. तिच्या जागी एक झिंगलेला, स्वतःतच रमलेला, थोडासा हास्यास्पद परंतु अपराजित गृहस्थ रंगमंचावर उभा राहिला.

कोरियन नृत्यात श्वासाबरोबर होणारा गुडघ्यांचा चढउतार आणि खांद्यांची लय यांना मध्यवर्ती स्थान आहे. या गोष्टी चोई यांनी परंपरेतून घेतल्या. रंगमंचावरील अवकाशाचा वापर, रचनेचा आटोपशीरपणा आणि व्यक्तिरेखेची स्पष्ट रेषा या गोष्टी आधुनिक नृत्यशिक्षणातून आल्या. परंतु या दोहोंना जोडणारा दुवा कोणत्याही शाळेचा नव्हता. तो एका मुलीच्या स्मरणाचा होता. चोई यांची कलात्मक अस्मिता प्रथम या ठिकाणी स्पष्ट दिसते. वारसा म्हणून हाती आलेल्या परंपरेहून पाहिलेल्या आणि आठवलेल्या देहाला येथे अधिक महत्त्व आहे.

प्रेक्षकाची नजर

सप्टेंबर १९३४ मध्ये टोकियोत चोई यांचा पहिला स्वतंत्र नृत्यप्रयोग झाला आणि त्यांना विलक्षण यश लाभले. त्याच वर्षी कादंबरीकार कावाबाता यासुनारी यांनी जपानमधील सर्वश्रेष्ठ नर्तकी म्हणून त्यांची निवड केली. त्यांची देहयष्टी, नृत्यातील सामर्थ्य आणि त्यातून जाणवणारा वांशिक विशेष ही त्यामागील कारणे होती. १९३६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या जीवनावर आधारित ‘द्वीपकल्पाची नर्तकी’ या अर्थाच्या शीर्षकाचा जपानी चित्रपटही निघाला. त्यात प्रमुख भूमिका त्यांचीच होती.

‘द्वीपकल्प’ हा शब्द दुर्लक्षिण्याजोगा नाही. जपानी व्यवहारात कोरियाचा उल्लेख स्वतंत्र देश म्हणून करण्याऐवजी साम्राज्याचा एक भौगोलिक भाग म्हणून या शब्दाने केला जाई. चोई यांच्या कोरियनपणाचा गौरव होत होता. परंतु तो साम्राज्याच्या वैविध्याचा एक रंग म्हणून होत होता. गौरव करणारी नजरच गौरविलेल्या गोष्टीची मर्यादा ठरवीत होती.

डिसेंबर १९३७ मध्ये त्या अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाल्या. चीन-जपान युद्ध सुरू झालेले असल्याने तेथे जपानविरोधी भावना तीव्र होती. जपानी पारपत्रावर आलेल्या या नर्तकीच्या प्रयोगांवर बहिष्काराची हाक देण्यात आली आणि तेथील कोरियन स्थलांतरितांतही त्यांच्याविषयी संशय होता. दुसऱ्या बाजूला, स्वतःला ‘कोरियन नर्तकी’ म्हणविणे जपानी अधिकाऱ्यांना खटकत होते. जानेवारी १९३९ मध्ये पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात त्यांचा प्रयोग झाला. त्यानंतर युरोपातील अन्य शहरे आणि महायुद्ध सुरू झाल्यावर पुन्हा अमेरिका व लॅटिन अमेरिका असा प्रवास करून त्या १९४० च्या अखेरीस परतल्या. एकाच देहाकडे कोणी जपानचा प्रचारक म्हणून, कोणी कोरियाचा प्रतिनिधी म्हणून, तर कोणी गूढ पूर्वेचे दर्शन म्हणून पाहत होते.

येथे उदय शंकर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चित्रकला शिकण्यासाठी लंडनला गेलेल्या या तरुणाने १९२३ मध्ये आना पाव्हलोव्हा यांच्यासमवेत राधाकृष्ण आणि हिंदू विवाह या विषयांवरील नृत्ये सादर केली. त्या वेळी त्यांनी कोणत्याही भारतीय शास्त्रीय नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. परदेशी प्रेक्षकाने मागितलेला ‘पूर्व’ देता देता दोघेही स्वदेशाकडे वळले. मात्र उदय शंकर यांना १९३८ मध्ये अल्मोडा येथे स्वतःचे केंद्र उभारता आले आणि १९४८ च्या ‘कल्पना’ या चित्रपटात स्वतःच्या भूमिकेची चिकित्साही करता आली. चोई यांना युद्धकाळात अशी मोकळीक उरली नव्हती.

‘बोधिसत्त्व’ आणि ‘पौर्वात्य’ नृत्याचा पेच

‘बोधिसत्त्व’ ही चोई यांची सर्वाधिक गाजलेल्या रचनांपैकी एक होय. अल्प वस्त्रे आणि मण्यांचे अलंकार ल्यालेली नर्तकी बौद्ध मूर्तीप्रमाणे जवळजवळ एकाच जागी उभी राहते आणि हात व वरच्या देहाच्या संथ हालचालींतून शिल्प सजीव करते. रचना म्हणून तिच्यातील संयम असामान्य आहे. तथापि ‘एहेया नोआरा’च्या शेजारी ठेवून पाहिल्यास फरक जाणवतो. तेथे नर्तकी कोणालातरी आठवत होती. येथे ती पाहिली जात आहे. पहिल्या रचनेत पुरुषवेषामुळे प्रेक्षकाची अपेक्षा उधळली गेली होती. दुसऱ्या रचनेत पावित्र्य आणि देहाकर्षण यांचा मेळ घालून ती पूर्ण केली गेली. पाश्चात्त्यांना हवी असलेली गूढ पूर्व आणि जपानी साम्राज्याला हवी असलेली एकसंध पूर्व या प्रतिमेत सहज सामावत होत्या.

१९४० नंतर चोई यांनी कोरियन, जपानी आणि चिनी घटकांतून ‘पौर्वात्य नृत्य’ घडविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. डिसेंबर १९४२ मध्ये टोकियोच्या इंपिरियल थिएटरात त्यांच्या एकल नृत्याचे दीर्घ सत्र झाले. याच काळात त्यांनी चीनमधील जपानी सैन्यासमोरही प्रयोग केले. १९४३ मध्ये शांघायला त्यांची मेई लानफांग यांच्याशी भेट झाली. चिनी नाट्याविषयीचा त्यांचा जिव्हाळा खरा होता आणि पुढे तो फलदायीही ठरला. परंतु ज्या वर्षांत ‘पूर्वेचे ऐक्य’ ही लष्करी घोषणा होती, त्या वर्षांत पौर्वात्य नृत्याची कल्पना निरागस राहू शकत नव्हती. २००९ मध्ये दक्षिण कोरियात प्रसिद्ध झालेल्या जपानधार्जिण्या व्यक्तींच्या चरित्रकोशात चोई यांचा समावेश झाला. त्या नोंदीमुळे त्यांच्या कलेचे मूल्यमापन संपत नाही. मात्र ती नोंद टाळूनही मूल्यमापन होऊ शकत नाही.

निनावी वारसा

१९४६ मध्ये चोई मायदेशी परतल्या आणि त्याच वर्षी पतीसमवेत उत्तरेकडे गेल्या. प्योंगयांगमध्ये त्यांची नृत्यसंस्था उभी राहिली. १९५१ मध्ये बीजिंग येथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली नृत्यवर्ग चालला आणि चिनी नाट्यपरंपरेतील हालचालींची नृत्यशिक्षणासाठी मांडणी करण्यात त्यांनी मोलाचा वाटा उचलला. १९५८ मध्ये कोरियन नृत्याच्या मूलभूत हालचालींवरील त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे आन माक राजकीय शुद्धीकरणात बळी पडले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चोईदेखील सार्वजनिक जीवनातून नाहीशा झाल्या. १९६९ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्याची माहिती उत्तर कोरियाच्या बाजूने २००३ मध्ये उघड झाली, त्या वेळी त्यांना मरणोत्तर सन्मानही मिळाला. दक्षिणेत उत्तरेकडे गेलेल्या कलावंतांवरील बंदी १९८८ पर्यंत कायम होती.

या मौनाच्या काळात त्यांचे नृत्य मात्र थांबले नाही. त्यांच्या शिष्या आणि नात्याने जाऊ असलेल्या किम बेक-बोंग (१९२७–२०२३) दक्षिणेत आल्या. १९५४ मध्ये त्यांनी सोल येथे पंख्यांचे नृत्य सादर केले. आज तेच नृत्य परदेशात कोरियन परंपरेचे प्रतीक मानले जाते. टोकियोत आधुनिक म्हणून जन्मलेली दृष्टी तीन दशकांच्या आत परंपरा या नावाने रूढ झाली आणि तिच्या उगमाचे नाव उच्चारणे निषिद्ध राहिले. परंपरेचे स्वरूप किती अलीकडचे आणि किती विस्मरणावर उभे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

निष्कर्ष

चोई यांच्या नृत्याला केवळ परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणणे किंवा केवळ वसाहतीच्या नजरेची निर्मिती म्हणणे, ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. त्यांच्या रचनांचा क्रम पाहता, जेथे नृत्याचा आरंभ स्वतः पाहिलेल्या एखाद्या देहापासून झाला तेथे परक्या रंगमंचावरही निर्णय त्यांच्याच हाती राहिला. जेथे आरंभ ‘कोरिया’ किंवा ‘पूर्व’ अशा व्यापक संकल्पनेपासून झाला, तेथे तो निर्णय प्रेक्षकाकडे आणि सत्तेकडे सरकला.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. दक्षिण कोरियातील विद्यापीठीय नृत्यविभागांत कोरियन नृत्य, आधुनिक नृत्य आणि बॅले अशी त्रिविध विभागणी रूढ आहे. तरुण नर्तकाला आपली ओळख घडण्यापूर्वीच त्यांपैकी एक कप्पा निवडावा लागतो. चोई या कप्प्यांपैकी कोणत्याच एकात बसल्या नसत्या. समकालीन नृत्यरचनाकार आन उन-मी (जन्म १९६३) यांनी गावोगाव फिरून सामान्य वृद्ध स्त्रियांचे नाचणे चित्रित केले आणि २०११ च्या ‘नाचणाऱ्या आजी’ या प्रयोगात त्या स्त्रियांनाच रंगमंचावर आणले. वडिलांच्या झिंगलेल्या नाचापासून आजींच्या या नाचापर्यंत एक अखंड धागा दिसतो. राष्ट्र, पूर्व किंवा परंपरा यांचे प्रतिनिधित्व करण्याआधी एखाद्या माणसाचे नाचणे नीट पाहणे, हा तो धागा होय. कलात्मक अस्मितेच्या शोधात नृत्यशिक्षणाने विद्यार्थ्याला प्रथम हे पाहणे शिकविले पाहिजे. शैलीची निवड त्यानंतरची आहे.